ओवर, मोडी आणि संगणक : माडिया मुलखातील एका शब्दाच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

जुनी दफ्तरे धुंडाळणारे संशोधक व पोथ्यांचे संग्राहक हाच ज्या त्रैमासिकाचा मुख्य वाचकवर्ग, त्यात संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाविषयी लिहिणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या दोन प्रश्नांनी आपल्या मंडळींची निम्मी हयात खर्ची पडते, म्हणजे अमुक लेख अस्सल की नक्कल, आणि नक्कल असल्यास लेखनिकाने त्यात काय फिरविले, तेच प्रश्न ह्या नव्या विद्येच्या दारात आता उभे आहेत. आणि त्यांची उत्तरे देण्याची सवय त्या विद्येच्या अभ्यासकांपेक्षा आपणांस अधिक आहे. म्हणून हा लेख.

गेल्या मार्गशीर्षात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारा एक तरुण एका परिचिताची चिठ्ठी घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला. त्याला हेमलकशास जावयाचे होते व वाटेत कोणी जुना शिक्षक सोबत हवा होता. त्याने हाती घेतलेली कामे तीन : मोडी पत्रांच्या छायाचित्रांवरून यंत्राकडून देवनागरी वाचन करविणे, गोंडी व हिंदी वाक्यांच्या जोड्या जमवून यंत्रास एका भाषेतून दुसरीत जाण्यास शिकविणे, आणि बोललेली गोंडी ऐकून यंत्राने ती लिहून काढावी अशी सिद्धता करणे. ह्या उद्योगांस त्याच्या शाखेत लांबलचक नावे आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ती अनुक्रमे लिप्यंतर, भाषांतर व श्रुतलेखन होत. तिन्ही कामे लेखनिकाची आहेत. लेखनिक मात्र नवा आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच की, जुन्या लेखनिकाचे गुण व दोष ह्या नव्या लेखनिकातही आहेत, आणि म्हणून जुन्याच्या प्रतीला आपण जी कसोटी लावतो तीच ह्याच्या प्रतीलाही लाविली पाहिजे. ती न लाविल्यास कोणाची हानी होते हे दाखविण्यास एक लहानसा शब्द पुरेसा आहे.

२. प्रदेश व बोली

हेमलकसा हे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला. तोपर्यंत हा सर्व मुलूख चांद्याचाच होता. भामरागडाजवळ इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा ह्या नद्यांचा संगम आहे, आणि इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडचे अरण्य सुरू होते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे ह्यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला व तो डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे ह्या दांपत्याने चालविला. १९७६ मध्ये तेथे शाळाही निघाली. रोग्याचे दुखणे कळावयाचे तर त्याची भाषा कळली पाहिजे, ह्या न्यायाने ही मंडळी माडिया बोली शिकली. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की, ही बोली शिकण्यास माणसाचे तोंड हेच मुख्य साधन होते.

माडिया ही गोंडीची एक बोली, व गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. सन २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषिकांची संख्या २९,८४,४५३ भरली. एवढे लोक मध्यप्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण, ओडिशा असे अनेक राज्यांत विखुरलेले असल्यामुळे, आणि कोणत्याही राज्यात ती राज्यकारभाराची भाषा नसल्यामुळे, तिच्या बोलींत पुष्कळ अंतर पडले आहे. त्यांपैकी एक अंतर पुढील विवेचनास अवश्य आहे.

गोंडीत मिठाला उत्तरेकडे व पश्चिमेकडे ‘सोवर’ म्हणतात. काही बोलींत आरंभीच्या सकाराचा हकार होऊन ‘होवर’ होते. आणि डोंगरी माडियांच्या मुखी तो हकारही लोपून ‘ओवर’ एवढेच उरते. ‘देणे’ ह्या अर्थाचा धातू असाच कोठे ‘सी’, कोठे ‘ही’, कोठे नुसता ‘ई’ आहे. सकाराचा हकार होणे आपणांस अपरिचित नाही : सप्त व हप्त, सिंधु व हिंदु ह्या जोड्या संस्कृत व इराणी भाषांच्या अभ्यासकांना पहिल्याच धड्यात भेटतात. तमिळ व तेलुगु ह्या भाषांतही मिठाच्या शब्दाचा मूळ आद्य वर्ण लोपलेला असून तेथे ‘उप्पु’ असे रूप आहे. तात्पर्य, ‘ओवर’ हा अडाण्याचा बिघडलेला उच्चार नसून नियमाने सिद्ध झालेले रूप आहे, आणि त्याचे भाऊबंद मोठ्या घरचे आहेत.

३. पूर्वसूरींची संकलने

गोंडी शब्द कागदावर उतरविण्याचा उद्योग आजचा नाही. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप ह्यांनी गोंडी शब्दांची यादी केली व लिंगोची कथा गाणाऱ्या प्रधानाच्या तोंडून ते गीत टिपून घेतले. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ मध्ये नागपुरास छापविले. पुढे ग्रियर्सन ह्यांच्या भाषापाहणीचा चौथा खंड १९०६ मध्ये स्टेन कोनो ह्यांच्या संपादनाने निघाला. त्यात मुंडा व द्राविड भाषांचे नमुने आहेत. ह्या पाहणीची पद्धत ठरलेली होती : बायबलातील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक भाषेत उतरवून घ्यावयाची, आणि ठराविक शब्दांची व वाक्यांची एक यादी भरून घ्यावयाची.

निजामच्या राज्यात, चांद्याला लागून असलेल्या अदिलाबाद जिल्ह्यात, १९४३ पासून हायमेनडॉर्फ ह्यांच्या प्रेरणेने मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे शिक्षण सुरू झाले व देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. शिवकालाचे अभ्यासक म्हणून ज्यांना आपण सर्व ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी ह्याच मुलखात अधिकारी होते. त्यांनी गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले. फार्सी अखबार वाचणारा हा इतिहासकार गोंडाच्या अंगणात बसून धातुरूपे विचारीत असे, हे आपल्या मंडळींनी विसरू नये. १९६० मध्ये बरो व भट्टाचार्य ह्यांनी गोंडी बोलींचा तुलनात्मक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात एका अर्थाचे निरनिराळ्या ठिकाणचे शब्द शेजारी शेजारी मांडले असून प्रत्येकापुढे बोलीची खूण आहे. सोवर, होवर, ओवर ह्यांतले नाते उलगडते ते अशा मांडणीमुळेच. त्या खुणा काढून टाकल्या तर एका शब्दाच्या तीन चुका एवढेच शिल्लक राहील.

ह्या सर्व संकलनांत कमीअधिक प्रमाणात एक गुण आहे : शब्द कोठला, कोणत्या काळी, कोणी ऐकला, हे बहुधा सांगता येते. आपण ज्याला साधनाचे मूळ म्हणतो ते येथे सुटलेले नाही.

४. संगणकाचा मार्ग

आता नव्या विद्येकडे वळू. संगणकास अक्षर ठाऊक नसते, अंक ठाऊक असतो. म्हणून जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास एक ठराविक क्रमांक देण्याची व्यवस्था आहे. तिला यूनिकोड म्हणतात. ज्या लिपीला क्रमांक नाहीत ती संगणकाच्या लेखी नाहीच. मोडीला हे क्रमांक २०१४ मध्ये मिळाले, एकूण ७९. १९१८ मध्ये बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम ह्यांनी रचलेल्या गोंडी लिपीस ते २०१७ मध्ये मिळाले, ७५. आणि अदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांच्या लिपीस २०१८ मध्ये, ६३. मोडीचा प्रस्ताव २०११ मध्ये अंशुमान पांडे ह्यांनी मांडला. ते त्या वेळी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात इतिहासाचे विद्यार्थी होते. मसराम लिपीच्या प्रस्तावामागेही त्यांचाच उद्योग आहे. म्हणजे मोडी व गोंडी ह्या दोन्ही लिप्यांना संगणकाचे दार उघडून देणारा एकच, आणि तोही इतिहासाचा विद्यार्थी. आमच्या तरुण पाहुण्यास हे सांगितले तेव्हा तो संतोषला.

अक्षर झाले, पुढे भाषा. भाषा शिकविण्याचे दोन मार्ग पतंजलीने महाभाष्याच्या पस्पशाह्निकात सांगून ठेविले आहेत. बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द उच्चारून शिकविण्यास आरंभ केला. दिव्य सहस्र वर्षे लोटली तरी शब्दांचा अंत लागला नाही. म्हणून सामान्य नियम व त्याचा अपवाद अशी सूत्रे करावी, हा दुसरा मार्ग, तो पाणिनीचा. आजचा संगणक बृहस्पतीच्या मार्गाने जातो. त्यास सूत्रे शिकवीत नाहीत. मूळ वाक्य व त्याचे भाषांतर अशा जोड्या त्याच्यापुढे लाखांनी, कोटींनी टाकतात, आणि कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द वारंवार येतो हे मोजून मोजून तो आपला अंदाज बांधतो. त्याला सहस्र वर्षे लागत नाहीत, कारण मोजण्याचा वेग अचाट आहे. परंतु मोजावयास काही हवे. ज्या भाषेत लेख थोडे, तेथे हा बृहस्पती उपाशी राहतो.

गोंडीत नेमके हेच आहे. २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी ह्यांच्या पुढाकाराने छत्तीसगडात सीजीनेट स्वर ही योजना सुरू झाली : साध्या दूरध्वनीवरून आपल्या बोलीत गाऱ्हाणे सांगावे व इतरांनी ते दूरध्वनीवरूनच ऐकावे. पुढे निरनिराळ्या राज्यांतील गोंडांनी एकत्र बसून एक प्रमाण कोश सिद्ध केला. ह्या मंडळींबरोबर मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधनशाळेतील तरुणांनी व नया रायपूरच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी काम केले. त्यांचा वृत्तांत २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. कोश, बालकथांची भाषांतरे, वाचून दाखविणारे साधन व दूरध्वनीची योजना असे चार उपाय करून १२,००० हून थोडी कमी शब्द-वाक्ये त्यांच्या हाती लागली, आणि पुढेही भाषांतरास साह्य करतील अशी ६५० हून अधिक माणसे त्यांना मिळाली. आकडा लहान, पण तो प्रामाणिकपणे दिलेला आहे, आणि ६५० माणसे ही १२,००० वाक्यांहून मोलाची जोड आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ नावाचे भाषांतर-साधन काढले. त्यात संताळी, भिली, मुंडारी ह्यांच्यासह गोंडीही आहे. ती गोंडी छत्तीसगडची.

येथे दोन शंका येतात. पहिली अशी की, १९०६ मध्ये उधळ्या पुत्राची कथा आणि आता बालकथा, दोन्ही बाहेरून आत आलेली वाक्ये होत. गोंड माणूस आपण होऊन काय बोलतो हे त्यांतून क्वचितच कळते. भाषांतर करणारा परकी वाक्याची चाल राखतो, व ती चाल यंत्र गोंडीची म्हणून शिकते. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. प्रमाण कोश हा व्यवहारास अवश्य. त्यावाचून शाळा चालणार नाही, पुस्तक छापता येणार नाही. परंतु यंत्र प्रमाण व अप्रमाण असा भेद करीत नाही, ते बहुत व अल्प असा भेद करते. सोवर शंभर वेळा व ओवर एकदा आले, तर त्याच्या हिशेबी ओवर ही नजरचूक.

५. भामरागडच्या बाजारात

ही दुसरी शंका केवळ तर्काची नव्हती, हे आम्हांस लवकरच दिसून आले. हेमलकशाहून भामरागड जवळच आहे. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे तेथे गेलो. मिठाच्या दुकानाशी बिनागुंड्याच्या डोंगराकडून आलेले एक वृद्ध माडिया गृहस्थ उभे होते. त्यांची परवानगी घेऊन विद्यार्थ्याने आपला भ्रमणध्वनी पुढे धरला व काय घेता असे विचारले. वृद्धांनी एकच शब्द उच्चारला : ओवर. यंत्राने क्षणात अक्षरे उमटविली : ‘और’.

विद्यार्थी हसला, मग ओशाळला. त्याचे यंत्र पूर्वी हिंदी शिकलेले होते. ऐकलेला ध्वनी आणि आपल्या ओळखीचा जवळचा शब्द ह्यांत त्याने ओळखीचा शब्द निवडला. शब्दाचा अर्थ आम्ही सांगितल्यावर त्याने आपल्या यादीत हाताने दुरुस्ती केली. पण ती काय केली? ‘सोवर’ असे लिहिले. कारण प्रमाण रूप ते. अशा रीतीने एका शब्दाचे दोन मिनिटांत दोनदा मरण झाले; प्रथम यंत्राच्या हातून व नंतर माणसाच्या. त्या यादीत पाहिले तर रकाने दोनच होते : गोंडी व हिंदी. वक्ता कोण, गाव कोणते, दिवस कोणता, ऐकले कोणी, ह्यांस जागाच नव्हती. उद्या कोणी संशोधकाने ती यादी चाळली तर बिनागुंड्याकडील माणूस सोवर म्हणतो असाच निष्कर्ष तो काढील, आणि त्याला खोटे पाडण्यास कोणतेही साधन उरलेले नसेल.

मीठ हा शब्दही साधा नव्हे. ह्या अरण्यात चारोळीसारखा मोलाचा माल देऊन त्याच्या बदल्यात व्यापाऱ्याकडून मीठ घेण्याचा व्यवहार पुष्कळ काळ चालला, आणि त्यात माडिया कसा नागवला गेला हे हेमलकशाच्या कामाच्या पहिल्या वर्षांचा वृत्तांत वाचणाऱ्यास ठाऊक आहे. ज्या वस्तूपायी तो फसला, त्या वस्तूचे त्याच्या तोंडचे नाव तरी आपण यथातथ्य लिहावे.

६. मोडीचा पडताळा व सुलभ पाठ

त्याच तरुणाच्या मोडीवरील कामात हाच दोष निराळ्या रूपाने आढळतो. आणि ते काम तर आपल्या घरचेच आहे. रुरकी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अध्यापक स्पर्श मित्तल व त्यांचे तरुण सहकारी ह्यांनी २०२५ मध्ये मोडीवरून देवनागरी करणारी एक योजना प्रसिद्ध केली. तीसाठी त्यांनी शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशा तिन्ही वळणांच्या २,०४३ चित्रांचा व त्यांच्या देवनागरी वाचनाचा संच केला. त्यांची रीत मनोरंजक आहे : आधी एक मोठे यंत्र गुरू म्हणून सिद्ध करावयाचे, व त्याच्याकडून एका लहान यंत्रास शिष्य म्हणून शिकवावयाचे. शिष्य गुरूपेक्षा १६३ पटींनी लहान असूनही वाचनात सरस ठरला असे ते लिहितात. शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी गुरूने इच्छा धरावी, हे आपल्या जुन्या पंतोजींचे म्हणणे यंत्रांनी असे खरे केले. देशात चार कोटींहून अधिक मोडी कागद पडून असल्याचा अंदाज ह्याच मंडळींनी दिला आहे. मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे वाचकांस सांगणे नको. तेव्हा ह्या उद्योगाचे आपण मनापासून स्वागत केले पाहिजे.

परंतु मोडीचे वळण लक्षात घ्या. तीत शब्द सलग जातात. इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ बहुधा पाळीत नाहीत. हात लपेटीचा असला तर दोन अक्षरांत भेद राहत नाही. वाचक हे सर्व सोडवितो ते भाषेच्या व प्रसंगाच्या ज्ञानाने. पुण्याकडील कागदांवर शिकलेले यंत्र चांद्याकडील भोसलेकालीन कागदावर बसविले आणि तेथे लाहेरी, नारगुंडा, बिनागुंडा अशी गावे आली, तर ते काय करील? बाजारात केले तेच. ओळखीचा मराठी शब्द बसवील. आणि ते वाचन निर्मळ देवनागरीत, एकाही खाडाखोडीवाचून पुढे येईल. जुना लेखनिक अडला तर जागा कोरी सोडी किंवा अक्षर गिरवी. त्याच्या त्या अडखळण्यावरून आपण सावध होत असू. नवा लेखनिक मुळीच अडखळत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा दोष होय.

भांडारकर संस्थेच्या महाभारताचे संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनी पाठनिर्णयाचे जे तत्त्व आचरले ते ह्या ठिकाणी मार्गदर्शक आहे. दोन पाठांपैकी एक सुलभ व एक दुर्घट असेल, तर दुर्घट पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक. कारण लेखनिक कठीण शब्दाचा सोपा करतो, सोप्याचा कठीण करीत नाही. यंत्राचा स्वभाव ह्याच्या अगदी उलट आहे. जे वारंवार येते ते खरे, असे मानण्यावरच त्याची सारी विद्या उभी आहे. सुलभ पाठाचा लोभ हा त्याचा अपघाती दोष नसून त्याचा धर्मच आहे. म्हणून यंत्राचे वाचन ही नक्कल समजावी. अस्सलाचे चित्र तिच्यासोबत असल्यावाचून, व प्रत्यंतर मिळाल्यावाचून, तिच्यावर विधान करू नये.

७. काही खोडलेल्या वह्या

येथवर यंत्राचे दोष सांगितले. आता लेखनिकाच्या दुसऱ्या एका जातीविषयी लिहिणे भाग आहे, व ते लिहिताना हात जड होतो.

प्रस्तुत लेखकाने ह्या दोन जिल्ह्यांत तीस वर्षांहून अधिक काळ मराठी व संस्कृत शिकविले. वर्गात माडिया मुले असत. एकदा बाजार ह्या विषयावर निबंध सांगितला असता एका मुलाने बाजारातील जिनसांची नावे आपल्या बोलीत लिहिली. त्यांत ‘ओवर’ हा शब्द होता, हे मला स्पष्ट आठवते. कारण मी तो तांबड्या शाईने खोडून वर ‘मीठ’ असे लिहिले, व क्रिकेटमधले षटक बाजारात विकत मिळते काय असे विचारून वर्गाला हसविले. तो मुलगा पुढे कधी आपली बोली वहीत आणीत नाहीसा झाला. अशा वह्या दरवर्षी शेकड्यांनी माझ्या हाताखालून गेल्या. वर्षअखेरीस त्या रद्दीत जात. आज हा विद्यार्थी दूरवरून येऊन एकेका शब्दासाठी रानोमाळ हिंडतो आहे, आणि ते शब्द, लिहिणाऱ्याच्या नावागावासकट, तारखेसकट, मुलांनी आपण होऊन आणून माझ्या टेबलावर ठेविले होते.

महाभाष्याच्या ज्या आह्निकात बृहस्पतीची कथा आहे, तेथेच पतंजलीने एका शुद्ध शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात असे सांगून ‘गौः’ ह्या शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश दिले आहेत. ह्या रूपांना तो अशुद्ध म्हणतो, तरी लिहून ठेवितो. त्याने ती लिहिली म्हणून लोकभाषेच्या इतिहासकारांस आज त्याचे आभार मानता येतात. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या त्या महापंडिताला जे सुचले ते त्याच्या पोथीवर पोट भरणाऱ्या ह्या शिक्षकाला सुचले नाही. यंत्राने ओवरचे ‘और’ केले ते अज्ञानाने. विद्यार्थ्याने ‘सोवर’ केले ते कोशाच्या आदराने. मी ‘मीठ’ केले ते अहंकाराने. तिन्हींचा परिणाम एकच.

८. सूचना

परतताना ह्या सर्व गोष्टींची चर्चा होऊन आम्ही दोघांनी त्या यादीची मांडणी नव्याने ठरविली. ती वाचकांच्या विचारार्थ येथे देतो.

शब्द जसा ऐकला तसा एका रकान्यात असावा, व प्रमाण रूप दुसऱ्यात. पहिल्यात कोणीही, कोणत्याही कारणास्तव, दुरुस्ती करू नये. वक्त्याचे गाव, दिवस, प्रसंग व ऐकणाऱ्याचे नाव अवश्य असावे. वक्त्याचे नाव त्याच्या संमतीने. मूळ ध्वनिमुद्रण नष्ट करू नये, कारण बोलीच्या बाबतीत तेच अस्सल होय. यंत्राने केलेले वाचन व माणसाने केलेले वाचन ह्यांवर निरनिराळी खूण असावी, म्हणजे पुढे एकाच्या नकला दुसऱ्याच्या नावावर खपणार नाहीत. जेथे यंत्राचा निश्चय कमी, तेथे त्याने जागा कोरी सोडावी. विद्यार्थ्याच्या म्हणण्याप्रमाणे आपला निश्चय किती हा आकडा यंत्राजवळ असतोच. तो झाकून न ठेवता दाखवावा एवढेच करावयाचे आहे. शेवटी, जमलेल्या संग्रहाची एक प्रत ज्या गावाने शब्द दिले त्या गावास परत मिळावी. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये आपल्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली आहे. अशा शाळांना ह्या प्रतीचा उपयोग प्रथम आहे, आपल्या लेखांना नंतर.

संग्राहकांस दोन विनंत्या. चांदा परगण्याचे मोडी कागद ज्यांच्या संग्रही असतील त्यांनी त्यांतील अरण्यातल्या गावांची नावे, मूळ अक्षरांच्या चित्रासह, निवडून काढावी. यंत्राला ती शिकविल्यावाचून त्या कागदांचे वाचन भरवशाचे होणार नाही. आणि ज्या निवृत्त शिक्षकबंधूंच्या माळ्यावर ह्या भागातील मुलांच्या जुन्या वह्या अद्याप असतील, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. राजवाडे ह्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला तेव्हाही पुष्कळांना ते घरातले निरुपयोगी कागदच वाटत होते.

विद्यार्थी गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याने नव्या यादीचे पहिले पान मजकडे पाठविले व ऐकणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव घालण्याची अनुज्ञा मागितली. ती दिली, मात्र शेऱ्याच्या रकान्यात एक वाक्य माझ्या हातचे घालावे अशी अट घातली. त्या पानाची पहिली ओळ आता अशी आहे : ओवर, अर्थ मीठ, प्रमाण रूप सोवर, वक्ता बिनागुंड्याकडील, ऐकण्याचे स्थळ भामरागडचा बाजार, शेरा : ऐकणाऱ्याने हा शब्द पूर्वी एका विद्यार्थ्याच्या वहीत अशुद्ध म्हणून खोडला होता.